मदत हवी आहे : स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे त्रिमितीय गोळे, पण कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक नाही

नमस्कार मंडळी. वणीजवळच्या कॉलेजात बायोटेकचा प्रकल्प करतेय. पॅन्क-१ (माणसाच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या) पेशींचे गोळे (स्फेरॉइड) बनवून टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आत शिरतात की कडेलाच अडकतात, ते पाहायचंय. स्वादुपिंडाच्या गाठीतला दाट तंतुमय भाग इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती वापरणाऱ्या उपचाराच्या) आड येतो, आणि सपाट प्लेटमध्ये तो दिसतच नाही, म्हणून एवढा खटाटोप.

लटकत्या थेंबाची पद्धत करून पाहिली; गोळे सैल, पिपेट लावला की फुटतात. अ‍ॅगॅरोजचा (पेशी न चिकटणाऱ्या जेलचा) थर दिलेल्या ९६ खणांच्या प्लेटमध्ये ०.२४ टक्के मिथाइलसेल्युलोज (द्रव दाट करणारा पदार्थ) घातलं, तेव्हा कुठे पाचव्या दिवशी घट्ट झाले, साधारण ४०० मायक्रॉनचे. फायब्रोब्लास्टही (तंतू बनवणाऱ्या पेशी) मिसळलेत. टी-पेशी एथिक्स समितीच्या परवानगीने घेतलेल्या रक्तातल्या. मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारं जेल) सुचवू नका, ते उणे २० अंशांना ठेवावं लागतं. इथे लाइट जाते, उणे २० टिकत नाही.

अडलंय ते पुढे. गोळ्याच्या आतलं दाखवणारा कॉन्फोकल इथे नाही, आणि त्यासाठी नागपूरला वारंवार जाणं जमत नाही. इथल्या पॅथॉलॉजी लॅबमधले दादा पॅराफिनचे (मेणात बसवलेल्या नमुन्याचे पातळ) काप करून द्यायला तयार आहेत, पण दोनदा गोळे प्रोसेसिंगमध्येच हरवले. फॉर्मालिननंतर ते अ‍ॅगॅरोजमध्ये बसवून दिले तर चालेल का? किती टक्के घ्यावं, आणि त्यावर सीडी३चं (टी-पेशी ओळखायच्या खुणेचं) स्टेनिंग नीट येईल का?