टॅरो म्हणे गुप्त पंथाकडून आलंय. खरं का?

मीनल_डोंबिवली
टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांच्या, क्लासला जाते. बेसिक झालं. आता मॅडम म्हणतात, पुढचं ज्ञान इजिप्तच्या पुजाऱ्यांच्या गुप्त पंथातलं आहे, दीक्षा घेतल्याशिवाय सांगता येत नाही. दीक्षेचे वेगळे एकवीस हजार. पत्ते मला मनापासून आवडतात, पण हे काही पचेना. असा पंथ खरंच होता का?

खिळेजुळारी
होता, पण इजिप्तात नाही, लंडनला, 'गोल्डन डॉन' नावाचा. पत्ते त्याहून कितीतरी जुने. पंधराव्या शतकात इटलीत लोक ते चक्क खेळायचे. इजिप्तचं खूळ काढलं कूर दे जेबलँ या फ्रेंच गृहस्थाने, १७८१ मध्ये. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यों या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ मध्ये. मग खोडून काढणार कोण!

तुमच्याकडचा संच बहुधा रायडर-वेट असेल. १९०९ चा. कल्पना आर्थर वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. दोघंही त्याच 'गोल्डन डॉन' या गुप्त संस्थेतले. पत्त्याचा खालचा कोपरा बघा, पी-सी-एस अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसतील. ती बाईंची सही. अठ्ठ्याहत्तर पत्ते रंगवले आणि पत्रात लिहिलं, काम मोठं, पैसे अगदीच थोडे. संचाला नाव मात्र प्रकाशकाचं आणि वेटचं. छपाईच्या धंद्यात जन्म गेला, मला यात नवल वाटलं नाही.

नाना_ठाणे
करायचे काय हे लोक? बळीबिळी?

खिळेजुळारी
बळी कसले, परीक्षा द्यायचे! हिब्रू अक्षरं, ग्रह, राशी घोकायच्या, पास झालं की वरची पायरी. वेस्टकॉट, मॅदर्स, वुडमन या तीन फ्रीमेसनांनी (फ्रीमेसन म्हणजे पुरुषांच्या एका गुप्त बंधुसंघटनेचे सभासद) १८८८ मध्ये काढलेली संस्था, पण बायकांनाही बरोबरीने प्रवेश. कवी येट्स १८९० मध्ये आला. संस्था काढायची परवानगी म्हणे जर्मनीतल्या श्प्रेंगेल बाईंच्या पत्रांनी मिळाली. १९०० मध्ये मॅदर्सनेच फोडलं की ती पत्रं वेस्टकॉटने बनवलेली. वेस्टकॉट सरकारी कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. तो अशा संस्थेत आहे याची वरिष्ठांना कुणकुण लागल्यावर १८९७ मध्येच अंग काढून मोकळा झाला होता.

आणि ध्यानाला काय घ्यायचे? पिवळा चौकोन, चंदेरी चंद्रकोर, लाल त्रिकोण, निळं वर्तुळ, काळसर अंडाकृती. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश! रामप्रसाद यांनी श्वासाच्या संस्कृत स्वरशास्त्रावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं, त्यातून उचललेलं. पैसे टाकून कोणीही घ्यावं असं पुस्तक.

नाना_ठाणे
म्हणजे पंचमहाभूतं लंडनला जाऊन फक्त सभासदांसाठी झाली 😀

मीनल_डोंबिवली
मग दीक्षेत मला नक्की काय मिळणार?

खिळेजुळारी
गोल्डन डॉनचे विधी म्हणाल तर इझ्रायल रिगार्डी या लेखकाने १९३७ ते १९४० मध्ये चार खंडांत छापून टाकलेत. त्यापलीकडे काय शिकवणार, ते मॅडमकडून लेखी घ्या. आणि एकवीस हजारांची पावती मिळेल का, तेही आधीच विचारा.