६ लाखाचं ॲप घ्यावं का? शेतकरी कंपनीवाल्यांनी सांगा

औसा_एफपीसी:
नमस्कार मंडळी, औसा तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी हाय, मी मॅनेजर. सुगीत सभासदाचं सोयाबीन घेतो आन लातूर एमआयडीसीतल्या प्लांटला देतो, बस एवढंच. यंदा थोडा नफा उरलाय तर संचालक म्हणायलेत ६ लाखाचं ॲप करून घेऊ, सभासदाला मोबाईलवर भाव दिसंल, शेजारच्या कंपनीनं बी केलंय. मला काय पटंना, पण नाही कशाच्या जोरावर म्हणावं?

उदगीरकर:
दादा आधी संचालकांना इचारा, पुढची तीन वर्षं कंपनी कमावणार कशातून. सुगीत घेऊन लगेच द्यायचं असंल तर तुमचा पैसा ओलाव्यात जातो. हमीभावाच्या निकषात १२ टक्के ओलावा धरतात, प्लांटवाले बी तेच बघतात. १६ टक्क्याचा १०० क्विंटल माल वाळून १२ वर आला की साडेचार क्विंटल वजन गेलं समजा. आम्ही एका साली परतीच्या पावसातला माल नुसता हातात धरून घेतला अन आठ दिवसात वर्षाचा नफा कपातीत घालवला, सभासदांसमोर उभं राहवंना. तवापासून चांगलं मॉइश्चर मीटर, कॉम्प्युटरला जोडलेला काटा, अन पावतीवर वजनासंगं ओलावा छापून. भाव तर व्हॉट्सॲपवर रोज येतोच की.

परभणी_वखार:
बरोबर, पण माल थांबवून विकायचं ठरलं तर गणित बदलतंय. डब्ल्यूडीआरए म्हणजे केंद्राचं गोदामांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण, त्याच्याकडं नोंदणी असलेल्या गोदामात ठेवला की ई-एनडब्ल्यूआर मिळते, म्हणजे ऑनलाइन पावती, तिच्यावर बँक कर्ज देते. मग कोणता लॉट कुणाचा, कवा आला, ही नोंद चोख पाहिजे. अन तुरीची डाळ पॅक करून विकणार असाल तर २५ किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पॅकेटला जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागला, तिथं बिलिंग अन बॅच नंबर आधी लागतंय.

जालनेकर:
ॲपवाल्याला दरसालचा मेंटेनन्स किती ते लेखी घ्या. अन चालवणार कोण? आमच्याकडं डेटा भरणारं पोरगं नोकरी सोडून पुण्याला गेलं, तवापासून ॲप बंदच.

औसा_एफपीसी:
काल मीटिंगीत हाच प्रश्न टाकला. एकजण म्हणला ट्रेडिंग, दुसरा डाळमिल, तिसरा बियाणं! शेवटी दोन सुगी ट्रेडिंगच करायचं ठरलं, मीटर आन काटा दसऱ्याच्या आत घ्यायचा, ॲप सध्या नको. उदगीरकर दादा, काटा ५ टनी पुरंल का ट्रॉलीसकट मोजणारा घ्यावा?