मदत हवी आहे: सराव पेपरांतल्या चुकीच्या पर्यायांमुळे मुलं (आणि मी) चुकीचंच शिकतोय का?

फळा_खडू:
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. दिवाळीनंतर रोज शाळा भरायच्या आधी तासभर शिष्यवृत्तीचा जादा वर्ग घेते. दीड तासात ७५ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, त्यामुळे सराव लागतोच. आठवड्याला दोन पेपर मी स्वतः काढते.

परवा एका मुलाची निबंधाची वही तपासत होते. शुद्धलेखनात पक्का मुलगा. मागच्या पानांवर 'आशीर्वाद' दोनदा आलाय, दोन्ही वेळा बरोबर. या वेळी 'आशी' लिहून खोडलं होतं आणि पुढे 'आर्शिवाद'. म्हणजे बरोबर येत असताना खोडून चुकवलं! मग माझे जुने पेपर काढले. 'शुद्ध शब्द ओळखा'मध्ये आशीर्वाद, आशिर्वाद, आर्शिवाद, आर्शीवाद ही ओळ मीच तीनदा घातली होती. एका बरोबर रूपाला तीन चुकीची, तीही तीन वेळा. आपणच गिरवून घेतलं की.

हे कमी म्हणून की काय, गॅदरिंगच्या सूचनेत मी गटावर 'पारंपारिक वेशभूषा' असं टाकलं. मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत 'पारंपरिक' असं दुरुस्त केलं. एकवीस वर्षं मराठी शिकवतेय हो.

तर विचारायचं असं, की फसव्या पर्यायांनी खरंच नुकसान होतं, की माझ्या मनाचे खेळ? होत असेल तर सराव कसा घ्यायचा? दुसरं, गणितात चौथा पर्याय सुचत नाही तेव्हा मी 'यापैकी नाही' टाकून मोकळी होते. ते चालतं का?

कट्टेकरी:
फसवे पर्याय बंद करा, विषय संपला.

फळा_खडू:
दादा, परीक्षेत येतात ना ते. मी बंद करून काय होणार?

अनुस्वार:
ताई, मनाचे खेळ नाहीत. मी शिक्षक नाही, पण मानसशास्त्र शिकताना यावर बरंच वाचलं होतं. रोडिगर आणि मार्श यांचा २००५ चा प्रयोग आहे. बहुपर्यायी चाचणी दिल्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना तेच प्रश्न पर्याय न देता विचारले. एकंदरीत चाचणीचा फायदाच झाला, बरोबर उत्तरं वाढली. पण त्याबरोबर आधीच्या पेपरातले चुकीचे पर्यायही 'उत्तर' म्हणून येऊ लागले, आणि तेही अंदाजाने लिहू नका असं बजावलेलं असताना. एकदा निवडलेलं चुकीचं उत्तर पुढे ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं ते खरं वाटतं.

आता एक सांगा. पेपर झाल्यावर बरोबर उत्तरं मुलांना कधी कळतात?

फळा_खडू:
खरं सांगू? पेपर मी घरी नेते, गुण देते, यादी वर्गात लावते. उत्तरं सांगायची ती शनिवारी, वेळ उरला तर. गेले तीन शनिवार उरलेला नाही. आणि 'एकही गोल रिकामा ठेवू नका' हेही आम्हीच सांगतो.

अनुस्वार:
मग दुखणं तिथे आहे. पर्यायांना कशाला बोल लावता! बटलर आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये हेच तपासलं. उत्तर सांगितलं की बरोबर उत्तरं वाढली आणि चुकीचे पर्याय डोक्यात रुतून बसणं कमी झालं. लगेच सांगा किंवा थोड्या वेळाने, दोन्हीचा उपयोग झाला. तुमच्याकडे मूल अंदाजाने गोल काळा करतं आणि तो चुकला हे त्याला कळतच नाही. नुसत्या गुणांवरून कसं कळणार? पेपर एकच घ्या, दुसऱ्या पेपराचा वेळ उत्तरांना द्या.

शुद्धलेखनाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे चुकीचं रूप नुसतं वाचलं तरी बाधतं. जेकोबी आणि हॉलिंग्जहेड यांचा १९९० चा लेख आहे, त्याच्या नावातच म्हटलंय की विद्यार्थ्यांचे निबंध वाचणं तुमच्या शुद्धलेखनाला घातक ठरू शकतं. तेव्हा 'पारंपारिक'चं फार मनाला लावून घेऊ नका, तुमच्या धंद्यातलंच दुखणं ते. शुद्धलेखन श्रुतलेखनाने पक्कं करा. पर्यायांची ओळ परीक्षेच्या तोंडावर, ओळख व्हावी इतपतच.

एक युक्तीही करून बघा. पुठ्ठ्याच्या पट्टीने पर्याय झाकायला लावा. आधी उत्तर पेन्सिलीने बाजूला लिहायचं, मग पट्टी काढून शोधायचं. वेळ जातो, पण सुरुवातीला जाऊ दे.

पोरांची_आई:
वरच्याला +१. आमच्या लेकीला पेपरात काय आलं ते आठवतं, बरोबर काय होतं ते विचारलं की 'ब होतं बहुतेक'. अक्षर लक्षात, उत्तर गायब.

गणितवाला:
बाई, 'यापैकी नाही' हा आळशी पर्याय आहे, राग नसावा. तो बरोबर असला तर मुलाला फक्त काय नाही ते कळतं. चौथा सुचत नसेल तर सरावाला तीनच ठेवा. रॉड्रिगेझ यांनी २००५ मध्ये ऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र करून तीन पर्याय पुरतात असाच निष्कर्ष काढला. चौथा बहुतेक वेळा भरतीचा, त्याला कोणी हातही लावत नाही. परीक्षा जवळ आली की चारवर या.

आणि पर्याय डोक्यातून काढू नका, वह्यांतून काढा. १/२ + १/३ ला २/५ लिहिणारी मुलं दरवर्षी असतात, वरचे वर, खालचे खाली मिळवून मोकळी. ०.३५ आणि ०.४ मध्ये मोठी कोण विचारा, निम्मा वर्ग ३५ कडे धावेल, कारण ४ पेक्षा ३५ मोठे. असा पर्याय निवडला की मूल कुठे अडलंय ते तिथल्या तिथे कळतं. मी तेव्हा पैशांवर येतो: एकीकडे ४० पैसे, दुसरीकडे ३५, कुठले घेशील?

फळा_खडू:
सगळ्यांचे मनापासून आभार. राग कसला, सर. वह्या घेऊनच बसले आहे.

आज पट्टीचा प्रयोग केला. वह्यांचे जुने पुठ्ठे कापले, वर्गभर कचरा. '३ किलो ५० ग्रॅम म्हणजे किती किलो?' माझे पर्याय ३.५, ३.०५ आणि ३५०. पट्ट्या काढल्यावर एक मुलगी उभी राहिली. "बाई, माझं उत्तर यात नाहीच. कुठला गोल करू?" तिने लिहिलं होतं ३.००५०. विचारलं तर म्हणाली, किलोनंतर दोन घरं सोडायची, मग पन्नास.

हा पर्याय मला सात जन्मांत सुचला नसता. सर, दोन घरांचं हे कुठून आलं असेल? 'दशांश, शतांश'ची घरं शिकवताना माझंच काही चुकलंय का?