प्रतिसाद: गट कठीण नव्हता, गुवाहाटीत घालवलं

वर कुणीतरी लिहिलंय की स्पर्धेत ४८ संघ असूनही भारत २०२६च्या फुटबॉल विश्वचषकाला पात्र ठरला नाही, कारण गटच कठीण मिळाला. मला हे पटत नाही.

आशियाला आता थेट ८ जागा आहेत. पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत चार-चार संघांचे ९ गट होते आणि प्रत्येकातून दोघे पुढे जाणार होते. आपल्या गटात कतार वरचढ होता, हे मान्य. पण दुसरी जागा मोकळीच होती! कुवेत अवघ्या ७ गुणांवर पुढे गेला, आपले ५ झाले. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानला हरवलं असतं, तर विजयाचे ३ गुण मिळून आपले ८ होत होते. तिथे आघाडी घेऊन आपण १-२ हरलो. शेवटच्या सामन्यात चेंडू रेषेबाहेर गेलेला असतानाही कतारला दिलेला तो वादग्रस्त गोल अन्यायच होता, पण सहा सामन्यांत आपण गोल केले फक्त तीन.

नंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आशिया चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूरकडूनही तसंच, पुढे असताना १-२. मडगावकरांना ते फार लागलं. आघाडी टिकवायची कशी, यावर इथे बोलूया ना.