फिक्सीवरून रोड बाइकवर: पायांची सवय कशी मोडायची?

पायवाट:
६ वर्षं एकच फिक्सी चालवली (चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतच राहतं अशी सायकल), ४८/१७, म्हणजे पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्याला १७. गेल्या आठवड्यात रोड बाइक घेतली. पुढे ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं, मागे ११ ते ३० दात्यांच्या ११ चक्रांची कॅसेट, ब्रेक आणि गिअर दोन्ही असलेले शिमानोचे लिव्हर. सायकल सुरेख आहे, पण माझे पाय अजून जुन्याच सायकलवर आहेत. काल वळणाच्या अलीकडे अचानक एक कुत्रं आडवं आलं. सवयीने पाय मागे दाबले, तर पेडल रिकामीच उलटी फिरली. वेग तसाच, फक्त मागच्या हबची टकटक वाढली. हात ब्रेकवर जाईपर्यंत पोटात गोळा आला.

दुसरं म्हणजे, सिग्नलला जड गिअरवरच थांबते आणि सुटताना उभं राहून ढकलावं लागतं. उतारावर पाय थांबवायचा धीरही होत नाही. कोणी हा बदल केला असेल तर नेमकं कशाने जमलं ते सांगा. फिक्सी विकायची नाहीये, दोन्ही चालवायच्या आहेत.

चाकोरी:
आधी ब्रेक, बाकी सगळं नंतर. तुम्ही आजवर वेग पायांनी आवरलात, म्हणून हातांना ते काम नवीन आहे. रिकामं मैदान शोधा आणि १५-२० मिनिटं फक्त थांबायचा सराव करा. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते बघून घ्या, हे देशागणिक बदलतं. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, कारण वजन पुढे येतं आणि मागचं चाक हलकं होतं. झटका न देता हळूहळू दाब वाढवा, बूड सीटवर मागे सरकवा, हात ताठ ठेवा. मागचं चाक उचलल्यासारखं वाटलं की पुढचा थोडा सोडा.

माझ्या बाबतीत एका गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडला. गर्दीत शिरलं की दोन बोटं कायम लिव्हरवर. बोटं आधीच तिथे असली की पाय काय करतात याने बिघडत नाही. पाय बरेच दिवस मागे दाबत राहतील, दाबू द्या.

मंदगती:
गिअरबद्दल मी सांगतो. १९३७ पर्यंत तूर द फ्रान्स शर्यतीत डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी नव्हती. चढ आला की सायकलस्वार खाली उतरून मागचं चाक काढायचे आणि उलटं करून बसवायचे: एका बाजूला सपाटीचं दातेरी चक्र, दुसऱ्या बाजूला चढाचं. तुम्हीही पहिले काही दिवस तेवढंच धरा. तुमचा ४८/१७ म्हणजे पेडलच्या एका फेरीला चाकाच्या २.८२ फेऱ्या. नव्या सायकलवर ५०/१७ चे २.९४ होतात आणि ५०/१९ चे २.६३. हे दोन तुमचं घर. डाव्या लिव्हरचा गिअर (तो पुढची चक्रं बदलतो) सध्या विसरा, ब्रेक नाही.

सिग्नलचा उपाय सोपा आहे, पण तो आधी करायचा असतो. पेडल फिरत असल्याशिवाय चेन सरकत नाही. म्हणून ब्रेकला हात लावतानाच पाय हलके फिरवत उजवा ब्रेक लिव्हर दोन-तीनदा आत ढकला, चेन मागच्या मोठ्या चक्रावर येईल, म्हणजे गिअर हलका होईल. ब्रेक लिव्हरच्या मागची छोटी पट्टी दाबली की पुन्हा जड. गिअर बदलताना पायातला जोर क्षणभर काढून घ्या, नाहीतर चेन कर्रकन ओरडते. चढावर अगदी अडेपर्यंत थांबू नका. फिक्सीवर आपण चढ अंगावर घेतो, ती खोड मला सगळ्यात उशिरा सुटली आणि गुडघ्यांनी त्याची किंमत मोजली.

उतारपाखरू:
पाय थांबवायची भीती मला चांगली आठवते. ४८/१७ वर ताशी ५० च्या उतारावर पाय मिनिटाला साधारण १४० फेऱ्या मारत असतात. शरीराने ते मनात पक्कं केलेलं असतं: पाय थांबले तर पडलो. मी सौम्य, सरळ उतारावर तीन आकडे मोजेपर्यंत पाय आडवे धरायचो, मग पुन्हा फिरवायचो. तीनाचे पाच, पाचाचे दहा झाले.

वळणावर बाहेरचं पेडल खाली आणि सगळं वजन त्यावर. आतलं पेडल आपोआप वर राहतं, जमिनीला घासत नाही. फिक्सीवर हे करताच येत नाही, त्यामुळे आपल्याला आधी ते सुचतच नाही. पण एकदा जमलं की टायर रस्ता कसा धरून ठेवतो ते तळपायाला कळतं. या एका अनुभवासाठी मी रोड बाइक घेतली असती.

आणि हो, दोन्ही जरूर ठेवा. फिक्सीने दिलेला गोल, अखंड पेडलचा फेरा इथे फार कामाला येतो. फक्त फिक्सीवर परत बसाल तेव्हा पहिली ५ मिनिटं सावकाश. पाय थांबवायला गेलात तर पेडल तुम्हाला उचलून देईल.

पायवाट:
मनापासून आभार. आज मैदानावर गेले होते. थांबणं जमतंय, बोटं लिव्हरवर ठेवल्याने खूप धीर आला. उतारावर चार आकड्यांपर्यंत पोचले. एकच अडचण, मागे १९ दात्यांवरून २१ वर जाताना चेन घुटमळते, आवाज करते.

मंदगती:
नवी केबल बसते आहे, पहिल्या काही राइडमध्ये असं होतं. मागच्या डिरेलरवर केबल शिरते तिथला गोल नट घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवा, पेडल फिरवून बघा, लागलं तर आणखी पाव. त्याने नाही झालं तर दुकानात डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) सरळ आहे का ते बघून घ्या.