शब्दचर्चा : ॲम्पला हेडफोन ‘झेपतो’, ॲम्प तो ‘ओढतो’ की नुसता ‘चालवतो’?

कुडमुड्या
मित्रांसाठी एक टिपण लिहितोय : हेडफोन आणि ॲम्प्लिफायरची जोडी कशी जमवावी. पहिल्याच वाक्याला अडलो. इंग्रजीत ॲम्प हेडफोनला ‘ड्राइव्ह’ करतो. मराठीत ‘चालवतो’ लिहिलं की घोळ होतो. ‘माझा हेडफोन चालत नाही’ म्हटलं की ऐकणारा दुरुस्तीवाल्याचा नंबर देतो आणि ‘फोनला हा हेडफोन चालेल का’ म्हणजे पिन बसेल का, एवढंच. मला म्हणायचंय ते वेगळं. पिन बसते, आवाजही येतो, पण ॲम्पमध्ये तेवढी ताकद नाही. याला क्रियापद कुठलं?

लोडशेडिंग
ओढणे. ‘ॲम्प ओढत नाही.’ गाडी घाट ओढत नाही, तसं. आमच्याकडचे साउंडवाले हेच म्हणतात. विषय संपला.

सोल्डरगन
नाही संपला. विजेच्या कामात ओढणारी वस्तू उलट बाजूची असते. ‘मोटर किती अँपिअर ओढते?’ असं विचारतात, ‘मीटर किती ओढतो?’ असं नाही. म्हणजे ओढतो तो हेडफोन. ‘हा हेडफोन करंट फार ओढतो’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. आता ॲम्पलाही ‘ओढतो’ लावलंत, तर टिपणात दोघेही दोन बाजूंनी ओढत बसतील आणि वाचणाऱ्याला कोण कुणाला ओढतंय ते कळणार नाही.

शब्दखूळ
सोल्डरगन यांच्याशी सहमत. ॲम्पच्या बाजूने ‘झेपणे’ किंवा ‘पेलणे’. दोन्हींत फरक आहे. ‘झेपणे’ला करणारा चतुर्थीत जातो : ‘मला हे काम झेपत नाही’, ‘या ॲम्पला तो हेडफोन झेपत नाही’. दोष कुणाचा हा प्रश्न खुला राहतो. समोरची वस्तू भारी असेल किंवा आपण कमी पडत असू. ‘पेलणे’मध्ये पराक्रमाचा वास येतो, शिवधनुष्य आठवतं. दोन-तीन व्होल्टसाठी एवढा थाट नको. मी ‘झेपणे’ला मत देईन. आणि साधं ‘पुरणे’ आहेच : ‘पॉवर पुरत नाही’.

कुडमुड्या
‘झेपणे’ आवडलं. मग ज्याचे ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) जास्त त्याला ‘जड हेडफोन’ आणि ३२ ओहमवाल्याला ‘हलका’ म्हणू का? ३०० ओहमचा हेडफोन जड असतो असं सगळेच सांगतात.

सोल्डरगन
‘जड’ खुशाल म्हणा, पण ओहमवरून ठरवू नका. इथेच लोक फसतात. दोन खरी मॉडेलं घेऊ. डेसिबलचा आकडा म्हणजे १ मिलिवॉट पॉवर दिली की किती मोठा आवाज येतो.

सेनहायजर एचडी ६०० : ३०० ओहम, १ मिलिवॉटला साधारण ९७ डेसिबल.
हायफायमॅन एचई-६ : ५० ओहम, १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबल.

गाण्यात मध्येच एखादा जोरदार ठोका येतो, त्याला ११० डेसिबलपर्यंत जागा हवी असं धरू. (फक्त ठोक्याला. सतत ऐकायचं तर जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास म्हणते, कान एकदाच मिळतात.) दर १० डेसिबलला पॉवर दसपट लागते. हिशेब केला की एचडी ६०० ला सुमारे २० मिलिवॉट लागतात, म्हणजे २.४५ व्होल्ट आणि जेमतेम ८ मिलिअँपिअर. एचई-६ ला जवळजवळ ४५० मिलिवॉट : ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर. ओहम सहापटीने कमी, पण पॉवर बावीसपट. लोक हा हेडफोन स्पीकरच्या ॲम्पला जोडायचे ते उगाच नाही.

तेव्हा जडपणा दोन प्रकारचा. एकाला व्होल्टेज हवं असतं, करंट नगण्य. दुसऱ्याला दोन्ही हवं असतं, त्यातही करंट भरपूर. ‘जड’ लिहिलंत की लगेच ‘कशाने जड’ तेही लिहा. ओहमच्या शेजारी छापलेला डेसिबलचा आकडा कुणी वाचतच नाही, आणि निम्मं उत्तर त्यात असतं.

लोडशेडिंग
आणि वॉट? खोक्यावर वॉटच तर मोठ्या अक्षरात असतात.

सोल्डरगन
वॉट या शब्दाची आपल्याकडे ‘पीएमपीओ’वाल्यांनी (क्षणभराच्या पॉवरचा फुगवलेला आकडा छापणाऱ्यांनी) पार वाट लावली. तळहाताएवढा स्पीकर आणि खोक्यावर हजार वॉट. हेडफोन ॲम्पवाले त्या मानाने सज्जन आहेत, पण ‘२ वॉट’ म्हटलं की विचारायचं : किती ओहमला? ‘३२ ओहमला २ वॉट’ म्हणजे ८ व्होल्ट. तेच ८ व्होल्ट ३०० ओहमला लावले की हातात येतात सुमारे २१३ मिलिवॉट. एचडी ६०० ला तेही रग्गड, पण २ वॉट नव्हेत. मराठीत त्या ‘ला’शिवाय वॉटचा आकडा लिहूच नये.

शब्दखूळ
परिभाषेचं थोडं. शाळेच्या पुस्तकात रेझिस्टन्सला ‘रोध’ आहे, ‘प्रतिरोध’ हिंदीतून येतो. इम्पीडन्सला ‘संरोध’ वाचलाय. ॲम्प्लिफायरला ‘विवर्धक’, हिंदीत ‘प्रवर्धक’. टिपणात विवर्धक लिहू नका, कुणी विकत घ्यायला गेला तर दुकानदार भिंगं दाखवेल. ‘संरोध’ मात्र एकदा तरी यावा असं वाटतं, कारण रोध आणि संरोध एक नव्हेत : संरोध आवाजाच्या पट्टीनुसार बदलतो.

सोल्डरगन
बरोबर. एचडी ६०० ‘३०० ओहमचा’ हे नावापुरतं. खर्जाच्या भागात, १०० हर्ट्झच्या आसपास, त्याचा संरोध ५०० ओहमच्या वर जातो. ॲम्पचा स्वतःचा आउटपुट संरोध जास्त असेल तर त्या भागात आवाज थोडा फुगतो. म्हणून ॲम्पचा संरोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा असा ठोकताळा आहे. जुन्या स्टिरिओ रिसीव्हरच्या (रेडिओ आणि ॲम्प एकाच डब्यात) हेडफोन जॅकवर हा घोळ हमखास सापडतो. याचा ताकदीशी संबंध नाही, तरी लोक ‘पॉवर कमी पडते’ म्हणून मोकळे होतात.

लोडशेडिंग
पॉवर खरंच कमी पडली तर काय होतं त्याला शब्द आहे : आवाज फाटतो.

सोल्डरगन
हा घ्याच. ॲम्पचं व्होल्टेज संपलं की लाटांचे शेंडे कापले जातात आणि कानाला ते फाटल्यासारखंच लागतं. मात्र पडदा फाटला तरी आपण ‘स्पीकर फाटला’ म्हणतो, तेव्हा ‘आवाज फाटला’ असं पूर्ण लिहा. आणि फाटायच्या बऱ्याच खाली ऐकत असाल, तर दहापट पॉवरचा ॲम्प आणून ‘किरटा’ आवाज ‘भरदार’ होत नाही. तसं सांगणाऱ्याला ॲम्प विकायचा असतो.

कुडमुड्या
शेवटचं. माझ्याकडे बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो आहे, २५० ओहमवाला, ९६ डेसिबल. फोनला ॲपलचा छोटा यूएसबी-सी अडॅप्टर लावतो. त्याला हा झेपतो का?

सोल्डरगन
तो अडॅप्टर १ व्होल्ट देतो (युरोपातला निम्मं). १ व्होल्ट २५० ओहमला म्हणजे ४ मिलिवॉट, म्हणजे १०२ डेसिबल. रात्री शांतपणे ऐकायला झेपतो. मूळ रेकॉर्डिंगच हळू असेल तर आवाज शेवटपर्यंत नेऊनही कमी वाटेल. ११० डेसिबलला अडीच व्होल्ट लागतील. ॲम्प घेताना ‘२५० ओहमला किती व्होल्ट’ एवढंच विचारा.