लोकरीचे चेंडू आटतच नाहीत, काय चुकतंय?

नवापूर_विणकाम
चर्चमधल्या नाताळच्या झाडासाठी 24 चेंडू हवेत, प्रत्येकी साधारण 5 सेंमी. पांढरा चेंडू, मधे लाल पट्टा. विणून गरम पाण्यात आटवायचे, म्हणजे टाके मिटून नमद्यासारखे घट्ट होतील (फेल्टिंग). बाजारातली चार पदरी लोकर आणि 10 नंबरच्या सुया वापरल्या, आत पॉलिस्टरचा कापूस भरला. उकळत्या पाण्यात साबण घालून पाऊण तास भिजत ठेवले, पण जरासुद्धा आटले नाहीत. टाके जसेच्या तसे दिसतात. पाणी बोअरचं, मशिन सेमी-ऑटोमॅटिक.

धागादोरा_जळगाव
ताई, आधी लोकर खरी आहे का ते बघा. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते आणि ती कितीही उकळली तरी आटणार नाही. बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत बाजूला केली की विझते, राख बोटात चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. दोन्ही रंगांचा धागा वेगवेगळा तपासा.

लेबलवर 'सुपरवॉश' किंवा 'मशिन वॉश' असेल तर खरी लोकरही उपयोगाची नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात म्हणून ती आटते. सुपरवॉश करताना हेच खवले घालवतात किंवा झाकून टाकतात. फार शुभ्र, ब्लीच केलेली लोकरही कमी आटते. दुधी रंगाची घ्या.

सुलट_उलट_धुळे
लोकर खरी निघाली तरी दोन गोष्टी चुकल्याच आहेत. नुसतं भिजवून खवले अडकत नाहीत, घासावं लागतं. आणि 10 नंबरच्या (3.25 मिमी) सुयांनी वीण इतकी घट्ट येते की तंतूंना हलायला जागाच उरत नाही. 6 नंबरच्या (5 मिमी) सुया घ्या. वीण जाळीसारखी सैल दिसेल, तशीच हवी.

माप असं: 8 टाके घाला. पहिली ओळ उलट. मग प्रत्येक टाक्यात एक वाढवून 16, उलट ओळ. एक सोडून एका टाक्यात वाढवून 24, उलट ओळ. दोन सोडून तिसऱ्यात वाढवून 32, उलट ओळ. आता 12 ओळी न वाढवता, एक सुलट एक उलट. लाल पट्टा यातल्या मधल्या चार ओळींत. पुढे त्याच क्रमाने घटवा: 24, 16, 8, मधे एकेक उलट ओळ. शेवटच्या 8 टाक्यांतून धागा ओवून ओढा आणि कड शिवा. लोकर रुंदीत सुमारे पाचवा हिस्सा आणि उंचीत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आटते, म्हणून विणलेला चेंडू उभट दिसला तरी घाबरू नका.

आत पॉलिस्टर नको. ते आटत नाही, मग वरचं कातडं सुरकुततं किंवा शिवण ताणते. लोकरीचेच तुकडे सैल भरा. साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांची काळी लोकर मिळाली तर धुऊन, पिंजून भरा. राठ असल्याने बाहेरून खरखरीत लागेल, पण भरायला उत्तम. फक्त पांढऱ्यातून काळे केस डोकावू नयेत म्हणून तिच्याभोवती पांढऱ्या लोकरीचा थर द्या.

नवापूर_विणकाम
जाळून पाहिलं. पांढरी केसासारखी जळली, लाल वितळली! पांढरीच्या लेबलवर मशिन वॉश लिहिलेलं नाही. मशिनमध्ये टाकू का?

सुलट_उलट_धुळे
लाल बदला, नाहीतर पट्ट्याच्या जागी चेंडू फुगेल. आधी 20 टाके, 20 ओळींचा तुकडा विणून आटवून बघा. दोन्ही रंगांचा वेगळा.

24 साठी मशिन बरं. एका वेळी सहा चेंडू घ्या, प्रत्येक वेगळ्या जुन्या मोज्यात घालून गाठ मारा, म्हणजे एकमेकांना चिकटणार नाहीत. सोबत जुनी जीन्स टाका, घासायला तीच हवी. पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम, पण उकळतं ओतू नका, टबाला सोसणार नाही. दर पाच मिनिटांनी काढून बघा. टाके पुसट झाले की थांबा. जास्त आटलेलं परत सुटत नाही. मग बाहेर काढून लाडू वळतो तसे तळव्यांत वळा, आधी हलक्या हाताने. सुरुवातीलाच दाबलं तर घडी पडते आणि ती तशीच जमते.

धागादोरा_जळगाव
बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही, वर साय धरते आणि ती लोकरीत बसते. आरओचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. एक लिटरला किसलेला कपड्याचा साबण एक चमचा पुरे. एन्झाइमवाली पावडर नको, ती लोकरीचं प्रथिनच खाते.

लाल रंग सुटण्याची भीती असेल तर पट्टा विणूच नका. पांढरा चेंडू आटवून वाळवा आणि नंतर लाल लोकर काटेरी फेल्टिंग सुईने टोचून बसवा. सुई सरळ आत-बाहेर न्या, तिरकी केली की मोडते. खाली जाड फोम ठेवा.

शेवटच्या पाण्यात लिटरला एक चमचा व्हिनेगर घाला, साबणाचा अंश निघतो. टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवा. आतून ओलसर राहिले तर कुबट वास येतो, त्यामुळे दोन-तीन दिवस द्या. नाताळनंतर ठेवताना डबा घट्ट बंद करा, लोकरीला कसर लवकर लागते.